ओटा पुसून ठेवलाय

शिरूरमध्ये सोपस्टोनचा ओटा बहुधा माझ्या एकट्याच्याच घरात आहे. निदान मला दुसरा माहीत नाही. त्यामुळं घर बांधायला काढलेलं कुणी ना कुणी अधूनमधून येतं, ओट्यावरनं हात फिरवतं आणि विचारतं, "कसाय हो दगड? घालावा का आम्ही?" मी खरं ते सांगतो. गरम कढई थेट ठेवा, काही होत नाही. लिंबू सांडू द्या, चिंच सांडू द्या, दगड खाल्ला जात नाही. हळद धुतली की जाते. पण मऊ आहे. नख मारलं तरी पांढरी रेघ उठते. लाद्या लहान मिळतात, त्यामुळं सांधा येतो. पहिलं वर्षभर तेल पाजत बसावं लागतं. एवढं सांगून झालं की ते विचारतात, "मग तुम्ही समाधानी ना?" तेव्हा मी चहाचं विचारतो.

हा ओटा मी आईसाठी केला. आई त्याच्यापाशी जेमतेम सात महिने उभी राहिली. आता ती दौंडला तिच्या जुन्या खोलीत राहते, आणि ती परत गेली ती ह्या ओट्यामुळंच. लोक म्हणतात सासू-सुनेचं पटलं नसेल. म्हणू द्या. माझी बायको त्यात कुठंच नव्हती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी कुणी न विचारता सांगतो आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण ती पदवी आईच्या मनगटातून आलीय. मी सहावीत असताना वडील गेले. तेव्हापासून आई लोकांच्या घरी स्वयंपाक करायची. सकाळी रेल्वे कॉलनीतली दोन घरं, मग एका डॉक्टरांचं, शेवटी एका ठेकेदाराचा बंगला. तिला ती माणसं आडनावांनी कमी आणि ओट्यांनी जास्त आठवतात. "कडप्प्यावाली बाई चांगली व्हती, च्या द्यायची. गरनाईटवालीच्या घरात मीठसुदिक मोजून."

आमच्या खोलीत ओटा नव्हता. स्टोव्ह जमिनीवर, शेजारी शहाबादी फरशीचा एक तुकडा, त्यावर पोळपाट. उभं राहून करायचा तो दुसऱ्यांचा स्वयंपाक आणि बसून करायचा तो आपला, अशी माझी लहानपणी समजूत होती.

काम संपलं की ती प्रत्येक घरी एकच वाक्य म्हणायची. फडकं पिळून नळावर टाकायची आणि आतल्या खोलीच्या दिशेनं म्हणायची, "बाई, ओटा पुसून ठेवलाय. येऊ का?" आतून 'हं' आलं की चपला घालायची. तो 'हं' आल्याशिवाय तिचं काम संपायचं नाही.

ठेकेदाराच्या बंगल्यात ओटा पांढऱ्या संगमरवराचा होता. मी अकरावीला असताना एकदा खोलीची किल्ली मागायला तिथं गेलो आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा राहिलो. चिंचेचा कोळ सांडला होता. आईनं तो पुसला होता, पण ओट्यावर तळहाताएवढा ठिपका आंधळा झाला होता. त्याच्या शेजारी कढईचा पिवळट गोल. ठेकेदाराची बायको बोलत होती. मोठ्यानं नाही. मोठ्यानं बोलली असती तर बरं झालं असतं. "तुला कळत नाही का गं? हा दगड काय असतो, माहिती आहे का तुला?" आई त्या ठिपक्यावर ओलं फडकं फिरवत होती. पुन्हा पुन्हा. मग तिनं फडकं पिळलं आणि म्हणाली, "बाईसाहेब, पुसून ठेवलाय ओटा. येऊ का?" बाईनं तिच्याकडं न बघता 'हं' केलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, येऊ नको म्हणून.

कॉलेजात पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलला सरांनी संगमरवराच्या तुकड्यावर ॲसिडचे थेंब टाकले. फस्सकन फेस आला. सगळा वर्ग हसला. मी मात्र वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आईच्या हाताचा त्यात काही दोष नव्हता, हे मला त्या दिवशी पुराव्यानिशी कळलं. संध्याकाळी मी तिला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का? मंग बाईला सांगायला पायजे व्हतं तवा." आणि पीठ मळायला लागली.

पुढं शिरूरजवळच्या एमआयडीसीत नोकरी लागली. क्वालिटीत. गाड्यांना लागणारे पार्ट आमच्याकडं बनतात. ट्यूबलाईटखाली पार्ट तिरपा धरायचा आणि ओरखडा शोधायचा, हे माझं काम. ओरखडा दिसला की लाल स्टिकर. ह्या कामात मी चांगला आहे. माझ्या डोळ्याखालून गेलेला माल परत आला, असं सहसा होत नाही.

घर बांधायला काढलं तेव्हा बाकी सगळं मी बायकोवर सोडलं, पण ओट्याचं म्हणालो, मी बघणार. तिचं म्हणणं साधं होतं. "माझ्या माहेरी मांडवगणला कडप्प्याचा ओटा आहे. हुरड्याला तीस माणसं जेवतात त्याच्यावर. नारळ फुटतो, शेंगदाणे कुटतात, कुणी काही म्हणत नाही. तोच घाला की." मला ऐकायचंच नव्हतं. मला असा दगड हवा होता, ज्याच्यावर आईनं काहीही सांडलं, कितीही गरम ठेवलं, तरी तिला कुणी काही बोलू शकणार नाही. मी वाचलं, विचारलं, नगर रोडवरची दुकानं पालथी घातली. शेवटी एका दुकानदारानं राखाडी-हिरव्या दगडाची लादी पुढं केली. त्याच्यावर लिंबू पिळलं, गॅसवर लालबुंद केलेला चिमटा टेकवला आणि फडक्यानं पुसून दाखवलं. काही नाही. डाग नाही, ठिपका नाही. मी तिथंच हो म्हणालो.

बसवायला आलेला मिस्त्री राजस्थानचा होता. तो म्हणाला, "साहब, गरम से, खटाई से इसको डर नहीं. पर नरम है. घसीटना नहीं." मी मान डोलावली. अर्धंच ऐकलं.

उंचीसाठी मी दौंडला जाऊन टेपनं आईच्या कोपराचं माप घेऊन आलो होतो. ओटा तिच्या मापाचा केला, नेहमीपेक्षा तीन इंच खाली. बायको उंच आहे.

आई आली तेव्हा तिनं आधी तळहात ठेवला. "गार हाय गं," ती बायकोला म्हणाली, "आन् साबणावानी लागतंय हाताला." मग नखानं हळूच एक रेघ ओढली. पांढरी उठली. तिचा चेहरा एकदम फुलला. "आरं, ही तर पाटीवरची पेनशील! ह्याच पेनशिली खायचास तू. डबीच्या डबी फस्त. आता एवढी मोठी आणून ठिवलीस, खा बसून!"

आम्ही तिघंही हसलो. पाटीवरची पेन्सिल ह्याच जातीच्या दगडाची असते, हे मला केमिस्ट्रीत कुणी शिकवलं नव्हतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं सांगितलं. ती रेघ मी ओल्या फडक्यानं पुसून टाकली. हसत हसत पुसली, पण लगेच पुसली.

पहिले काही आठवडे फार चांगले गेले. सवयीनं ती कढईखाली फडक्याची घडी ठेवायची. एक दिवस मी ती घडी काढून घेतली. "आई, थेट ठेव." "नगं बाबा." "अगं ठेव तर." तिनं उकळत्या आमटीची कढई दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि ठेवली. मग एक डोळा उघडून कढईखाली वाकून बघितलं. "काय बी न्हाई झालं रं!" त्या दिवशी मला जे वाटलं, ते पदवी घेतानासुद्धा वाटलं नव्हतं.

मग नारळ आला. दुपारी चार वाजता मी ड्यूटीवरून घरी आलो, तर ओट्याच्या कडेचा नखाएवढा टवका उडालेला.

"हे कुणी केलं?"

"म्या. नारळ फोडला."

"ओट्यावर?"

"मग कुठं फोडू? तुज्या डोक्यावर?"

बायको फिसकन हसली. मी नाही हसलो. बारीक पॉलिश पेपर आणला, कड घासून गोल केली, तेलाचा हात फिरवला. टवका दिसेनासा झाला. ह्या दगडाचं हेही एक चांगलं आहे, जखम भरून काढता येते. ग्रॅनाईटचा टवका कायमचा. मी हे त्या दोघींना समजावून सांगितलं. आई म्हणाली, "मंग झालं तर." तिच्या दृष्टीनं विषय संपला.

माझा तिथून सुरू झाला. रोज घरी आलो की मी ओट्यावरचा दिवा लावायचो आणि मान तिरकी करून बघायचो. कंपनीतली सवय. पोळपाटाच्या तीन पायांच्या अर्धगोल रेघा. खलबत्ता सरकवल्याचा चर. तेल कुठं जास्त मुरलेलं, कुठं कमी, त्यामुळं गॅसजवळ काळा आणि सिंकजवळ राखाडी. आईला उभ्यानं लाटताना पोळपाट फिरवत न्यायची सवय. चार घरी तिनं तसंच केलं होतं आणि त्या कठीण दगडांना त्याचं काही वाटलं नव्हतं. "आई, उचलून ठेव, ओढू नको." "आई, खाली फडकं घाल." जी घडी मी स्वतः काढून घेतली होती, ती आता कढई सोडून सगळ्याखाली आली.

शेवटी मी कंपनीतून एक कागद टाईप करून आणला. वर मथळा, 'किचन ओटा : वापराच्या सूचना'. खाली सात कलमं. लॅमिनेशन करून ओट्याच्या वर भिंतीला चिकटवला. माझ्या आईला अक्षर वाचता येत नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

"काय लिवलंय गं?" आईनं बायकोला विचारलं. बायकोनं बातम्या सांगितल्यासारखं वाचून दाखवलं. "एक. भांडी ओढू नयेत. दोन. ओट्यावर नारळ फोडू नये, काही कुटू नये. तीन. सुरी थेट ओट्यावर चालवू नये..." सहावं कलम होतं, 'महिन्यातून एकदा तेल लावणे.' आई गंभीरपणे ऐकत होती. "परत वाच गं, ध्यानात राह्यलं न्हाई." बायकोनं परत वाचलं आणि माझ्याकडं वळली. "अहो, हे कंपनीत लावा. आता आईंच्या पाठीवर लाल स्टिकर चिकटवता का?"

तेल मी रविवारी लावायचो. मेडिकलमधून आणलेलं पॅराफिनचं पातळ तेल, वास नसलेलं. बाटली कपाटावर ठेवायचो. शेजारच्या वहिनी खिडकीतून बघायच्या. "लोक शनिवारी मारुतीला तेल घालतात, तुम्ही रविवारी ओट्याला. पावला का अजून?"

पावसाळ्यात कंपनीत ओव्हरटाईम लागला, तेलाचे रविवार आणि रोजचं बघणं दोन्ही राहून गेलं. पावसाळा सरता सरता स्वयंपाकघरात वास यायला लागला. खवट, दाण्याच्या जुन्या डब्यासारखा. मी सिंकखाली बघितलं. डबे हुंगले. पाईप सोडवून धुतला. आठवडाभर शोध चालू होता. रविवारी आमच्या खात्याचे साहेब आणि त्यांच्या मिसेस पहिल्यांदा घरी जेवायला येणार होते, आणि शनिवारी सकाळी वास जास्तच. शेवटी मी ओट्यावर वाकून नाक टेकवलं. तिथंच होता. हात लावला तर चिकट. सांध्याच्या रेघेत मुंग्यांची रांग.

"ओट्याला काय लावलंय?"

"तेल," आई म्हणाली. तिला वाटलं मी शाबासकी देणार. "तुला येळ न्हाई म्हणून म्याच लावती रोज, तू कामाला गेल्यावर. घाण्याचं हाय, मांडवगणवरनं आलेलं. भाजीला वापरत न्हाई मी त्ये. कारडावर लिवलंय न्हवं, तेल लावायचं?"

माझ्या डोळ्यांसमोर साहेब होते. मी म्हणालो, "तुला कळत नाही तर करतेस कशाला? कुणी सांगितलं होतं? आजपासून ओट्याला हात लावू नको तू. बस तिकडं जाऊन."

बायको दारातून नुसतं "अहो" म्हणाली.

आई बसली नाही. तिनं पाणी गरम केलं, त्यात सोडा टाकला आणि ओटा धुवायला घेतला. एका टोकापासून. सांधा जुन्या ब्रशनं घासला. पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. मी मागं उभा राहून बोट फिरवून बघत होतो आणि "इथं राहिलंय" म्हणत होतो. दोन वेळा म्हणालो. सकाळ सगळी त्यात गेली. शेवटी तिनं कोरडं फडकं फिरवलं, ते धुतलं, पिळलं, नळावर टाकलं.

"पुसून ठेवलाय ओटा," ती म्हणाली. "येऊ का?"

मी उजेडाकडं मान तिरकी करून बघत होतो. म्हणालो, "हं."

ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा मला वाटलं, देवळात चाललीय. तिनं न्हावऱ्यावरून जाणारी एसटी पकडली. दौंडला पोचल्यावर शेजारच्या चाचीच्या फोनवरून बायकोला कळवलं, पोचले म्हणून. मला नाही.

साहेब आले. जेवण चांगलं झालं. साहेबांनी ओट्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "वा! फिनिश बघा!" त्यांच्या मिसेसनी विचारलं, "आई असतात ना इथं?" बायको म्हणाली, "दौंडला गेल्यात, कालच." माझ्याकडं बघत म्हणाली.

ते गेल्यावर मी भिंतीवरचा कागद वाचला. सहावं कलम. महिन्यातून एकदा तेल लावणे. कोणतं तेल, ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या घरात तेल म्हणजे शेंगदाण्याचं, माझ्या बाटलीतलं तेल वेगळं, हे आईला कुठून माहीत असणार? कंपनीत असा कागद कुणी काढला असता, तर मी ऑपरेटरला नाही, लिहिणाऱ्याला धरलं असतं. लिहिणारा मी होतो, बी.एस्सी. केमिस्ट्री. आणि तिनं कलम पाळलं होतं, महिन्याचं रोज करून, घरातलं सगळ्यांत चांगलं तेल घालून.

पुढच्या सुट्टीला मी दौंडला गेलो. चाची दारात तांदूळ निवडत बसली होती. वडील गेले तेव्हापासून ती आणि आई एका भिंतीनं राहतात. मला बघून म्हणाली, "आले का साहेब? चप्पल भायेर काढ रे बाबा. हमारी फरशी खराब होईल."

आई आत बसून भाकरी थापत होती. तीच जागा, तोच फरशीचा तुकडा.

"चल घरी," मी म्हणालो.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझंच घर आहे."

"हाय की. न्हाई कोण म्हणतंय? पर हितं बरं वाटतंय."

"मी तो दगड काढून टाकतो. ग्रॅनाईट घालतो."

"आरं, त्या दगडानं काय केलंय?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "चांगला दगड हाय. माझं काय म्हणणं न्हाई त्याच्यावर."

"मग चल ना. कशाला रागावतेस?"

"रागावली कुठं? हे बघ, लोकांच्या ओट्याला म्या एवढी वर्सं जपलं. सवय हाय मला. पर तवा निदान पगार मिळायचा."

बाहेर चाची खो खो हसली. आईपण हसली. तिला ते वाक्य सुचल्याचा आनंद झाल्यासारखी हसली. मग मला भाकरी वाढली, वर ठेचा. मी जेवलो. तिनं माझ्या ताटाखाली काही घातलं नाही, ताट नुसतं फरशीवर ठेवलं.

ती रागावली असती तर मी समजूत घातली असती. भांडली असती तर पाया पडलो असतो. त्यानंतर चार-पाच वेळा गेलो, दर वेळी तेच. हसते, वाढते, येत नाही. लोकांना वाटतं मी तिला दौंडला टाकून दिलीय. पदवीधर मुलगा, मोठं घर, आणि आई खोलीत. मी खुलासा करत नाही. कुठल्या तोंडानं करणार?

तो कागद मी भिंतीवरून काढला. त्याच्या चार कोपऱ्यांचा रंग निघाला, ते पोपडे तसेच आहेत. ओट्याला तेल लावणं सोडून दिलं. आता तो ठिकठिकाणी पांढुरका पडलाय, पाण्याच्या भांड्यांचे गोल उठलेत. ज्यांना दगड बघायचाय त्यांना मी तसाच दाखवतो. माझी बायको अजून त्याच्यावर वाकून लाटते, तीन इंच खाली, दुसऱ्या बाईच्या मापाच्या ओट्यावर. रात्री पाठ दुखते म्हणते. ओटा उंच करून घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या. आई आल्या तर?"

आई दिवाळीला येते. भाऊबीज झाली की जाते. गेल्या दिवाळीत ती हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसली होती. बायकोनं चहा दिला. चहा संपल्यावर ती कप घेऊन उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबली. मी आतच होतो, ओट्यापाशी.

"कुठं ठिवू?" तिनं विचारलं.

"आई, ठेव ना कुठंही. ओट्यावर ठेव."

तिनं ओट्याकडं बघितलं. मग दाराबाहेरूनच हात लांब केला आणि कप माझ्या हातात दिला.